नऊ दिवसांचा मोसम, सतरा बंदुका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा मुख्य मोसम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपतो. या नऊ दिवसांसाठी साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परवाना काढतात. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आत, म्हणजे लहान मुलं, म्हातारे आणि शाकाहारी धरूनसुद्धा दर अकरा माणसांमागे एक. भारताचं खडं सैन्य बारा लाखांच्या घरात आहे. त्याच्या जवळजवळ निम्मी माणसं एकाच राज्यात, एकाच पहाटे, भडक नारिंगी जाकिटं घालून, थर्मासमधली कॉफी पीत, मचाणावर गप्प बसलेली असतात.

त्यातल्या प्रत्येकाच्या हातात बंदूक एकच असते. दोन हातांना एकच पेलते. बहुतेकांना नऊ दिवसांत ती दोन-तीनदाच झाडावी लागते, आणि बरेच जण एकही गोळी न झाडता घरी येतात. हरीण मिळालंच तर फ्रीजर भरतो, बंदूक पुसून कपाटात जाते, ती पुढच्या नोव्हेंबरापर्यंत.

आता दुसरा आकडा. हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे चार हजार अमेरिकनांना त्यांच्या घरातल्या बंदुकांबद्दल विचारलं. त्यावरून त्यांनी देशात नागरिकांकडे साडेसव्वीस कोटी बंदुका असल्याचा अंदाज बांधला. बंदूकवाले होते साडेपाच कोटी आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांकडे एक किंवा दोनच होत्या. देशातल्या सगळ्या बंदुकांपैकी निम्म्या मात्र फक्त तीन टक्के प्रौढांच्या कपाटांत निघाल्या. ही ७७ लाख माणसं. त्यांच्याकडे कमीत कमी आठ, जास्तीत जास्त एकशेचाळीस आणि सरासरी सतरा.

सतरा! विस्कॉन्सिनच्या मोसमात रोज वेगळी बंदूक घेऊन मचाणावर बसलं तरी आठ घरीच राहतात. एकशेचाळीसवाल्याने रोज एक बाहेर काढली तर पहिलीची पाळी पुन्हा साडेचार महिन्यांनी येईल, आणि तोवर हरणं शिंगं टाकून मोकळी झालेली असतील.

अर्थात सतरा ही काही एकदम आलेली संख्या नव्हे, आणि शिकाऱ्याची एकसुद्धा खरं तर एक राहत नाही. खारी आणि सशांसाठी हलकी पॉइंट टू-टू लागते. उडत्या बदकांसाठी छऱ्यांची बारा बोअर. हरणासाठी लांब पल्ल्याची रायफल. झाल्या तीन. मग कायदा मदतीला येतो. अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा मोसम वेगळा असतो. जास्तीचे दिवस हवे असतील तर चौथी घ्या. मध्य-पश्चिमेतल्या काही सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत बरीच वर्षं हरणांवर लांब पल्ल्याची रायफल चालवायला बंदीच होती, कारण चुकलेली गोळी शेजारच्या शेतापलीकडे जाते. तिथे बारा बोअरमधून जाड गोळी झाडायची, त्यासाठी वेगळी नळी किंवा वेगळी बंदूक. १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे मारायला देशभर मनाई झाली, पोलादी छरे आले, आणि आजोबांच्या जुन्या दुनळीला ते सोसत नाहीत म्हणून आणखी एक आली. आजोबांची दुनळी काढून टाकली का? छे. आजोबांची आहे.

हे असं सात-आठपर्यंत पोचणं मला समजतं. स्वयंपाकघरात विळी, सुरी, अडकित्ता, कोयता अशी हत्यारं जमतात तसंच ते. प्रत्येक बंदुकीला काम आहे. तरी जुने शिकारी सांगतात, की एकच बंदूक बाळगणाऱ्यापासून जपून राहा, त्याला ती चालवता येत असणार.

या सगळ्यात मला सर्वांत गमतीची वाटली ती एक जुनी केंद्रीय अट. बदकांसारखे स्थलांतर करणारे पक्षी मारताना बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. बंदुकीत पाच मावत असतील तर आत लाकडाची खुंटी बसवून जागा अडवायची. तपासनीस दलदलीत येऊन बंदूक उघडायला लावतो आणि मोजतो. बदकाच्या बाजूने असा हिशेब काटेकोर: काडतुसं तीन, दिवसाला पक्षी अमुक, मोसम तमुक तारखेपर्यंत. घरच्या कपाटात बंदुका किती असाव्यात याबद्दल मात्र केंद्रीय कायद्यात एक अक्षर नाही. आपल्याकडे नेमकं उलट झालं. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जवळपास संपली, आणि एका परवानाधारकाने किती बंदुका ठेवाव्यात ती मर्यादा २०१९ मध्ये तीनवरून दोनवर आली. वाडवडिलांकडून आलेली असली तरी तिसरी जमा करा, असं सांगण्यात आलं. २०१६ अखेर भारतात चालू शस्त्रपरवाने सुमारे ३३ लाख ७० हजार होते. अमेरिकेच्या त्या ७७ लाख 'सतरावाल्यां'च्या निम्म्याहून कमी.

शिकारी काम मोजतो. संग्राहक फरक मोजतो, आणि फरकांना अंत नसतो. विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची रायफल घ्या. जॉन ब्राउनिंगने रचलेली, खटक्याच्या दांडीने भरायची, हलकी, स्वस्त. २००६ पर्यंत तिचे सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. शिकाऱ्याच्या लेखी ती एकच बंदूक, सत्तर लाख वेळा बनवलेली. संग्राहकाला विचारा. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली, म्हणून त्याआधीची आणि नंतरची या दोन जाती झाल्या. 'प्री-सिक्स्टी-फोर' हा शब्द तिकडे आपल्याकडच्या 'अस्सल हापूस'सारखा उच्चारतात. मग नळी गोल की अष्टकोनी, लांबी किती, कुंद्यावरचा पत्रा कसा, मूळचा निळा मुलामा शाबूत की पुन्हा चढवलेला. पुन्हा चढवला असेल तर किंमत पडली. अशा बंदुकीतून गोळी झाडणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासण्यासारखं. तिजोरीबाहेर कधीच न येणाऱ्या बंदुकीला तिकडे 'सेफ क्वीन' म्हणतात, तिजोरीतली राणी. आपल्या भाषेत असूर्यंपश्या.

उलटा प्रकारही घडतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोल्ट कंपनीचं एक सहाबारी रिव्हॉल्व्हर लिलावात साठ लाख डॉलरांना गेलं, त्या वेळच्या दराने चव्वेचाळीस-पंचेचाळीस कोटी रुपये. त्याच बनावटीची हजारो रिव्हॉल्व्हरं जगात आहेत. हे १८८१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटच्या हातात होतं, आणि त्यातून सुटलेल्या गोळीने फरारी गुन्हेगार बिली द किड मेला. पैसे दिले गेले ते त्या एका गोळीचे.

सगळ्या देशाचा ढीग किती, याचा अचूक आकडा कोणाहीकडे नाही, आणि तो नसावा अशी तजवीज कायद्यानेच केली आहे. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला मनाई आहे. बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रात येतात. तिथे ती इतकी साचली, की इमारतीच्या जमिनीला भार झेपेना आणि खोकी आवारातल्या मालवाहू कंटेनरांत ठेवावी लागली. नावानिशी शोधता येईल अशी यादी करायची नाही, त्यामुळे गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढायला माणसं पानं उलटत बसतात.

म्हणून अंदाजांवर भागवायचं. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ अखेरचा अंदाज २०१५ च्या सर्वेक्षणापेक्षा बराच मोठा आहे: अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका, आणि माणसं ३२ कोटी ६० लाख. शंभर माणसांमागे एकशेवीस. जगातल्या सगळ्या देशांची सगळी सैन्यं मिळून १३ कोटी ३० लाख बंदुका बाळगतात. अमेरिकेच्या घराघरांत त्याच्या जवळजवळ तिप्पट. या ३९ कोटी बंदुका मीटरभर लांब धरून टोकाला टोक लावून ठेवल्या तर चंद्रापलीकडे जातात, असं सांगण्याचा मोह मला आवरत नाही. पण ते खोटं ठरेल, कारण २०१५ च्या त्या सर्वेक्षणाप्रमाणे ४२ टक्के बंदुका मुठीत मावणाऱ्या. त्याच सर्वेक्षणातल्या फक्त रायफली आणि छऱ्यांच्या बंदुका जोडल्या तर चंद्र राहिला, विषुववृत्ताला साडेतीन फेऱ्या होतात.

हा ढीग वाढतो तो बंदूक मरत नाही म्हणून. फ्रीज पंधरा वर्षांत मोडीत जातो, मोबाइल चारांत. १८९४ ची विंचेस्टर आज तेल देऊन बाहेर काढली तर उद्या सकाळी हरीण मारेल. देशातल्या कारखान्यांनी एकट्या २०२० मध्ये एक कोटीहून अधिक नव्या बंदुका त्यात घातल्या, आणि जुन्या जात नाहीत. शिवाय नव्या रायफलीवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने हा कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो, तेव्हा तिजोरीत पडून राहणारी सतरावी बंदूकसुद्धा कुठल्यातरी हरणाच्या कुरणाचा खर्च भरते. हे मी उपरोधाने म्हणत नाही. तिकडची हरणं या पैशावर खरोखर वाढली आहेत.

ढिगाची भीती वाटते, आणि कधी ती खरी ठरते. २०१७ च्या ऑक्टोबरात लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून गर्दीवर गोळ्या झाडणाऱ्याने आधीच्या वर्षभरात तीसहून अधिक बंदुका घेतल्या होत्या, बहुतेक रायफली. पाच कामकाजी दिवसांत एकाच गिऱ्हाइकाला दोन पिस्तुलं विकली तर दुकानदाराने सरकारला कळवायचं असतं. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात रायफलींना तो नियम नव्हता.

पण मरणाचे आकडे सतरावर बोट ठेवत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजार ८३० माणसं मेली, त्यांतल्या २६ हजार ३२८ आत्महत्या. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा हिशेब २०२० मध्ये छापून आला. स्वतःचं पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने जीव देण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या जवळपास आठपट, बायकांत पस्तीसपट. त्या एका वाईट रात्री उशाशी एक आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं. पहिली बंदूक घरात आली तेव्हाच मोठी उडी झाली. एकापासून सतरापर्यंतचा चढ त्यामानाने सपाट असावा. सतरा पाहून डोळे विस्फारतात. मचाणावरच्या त्या सज्जन माणसाची पुसूनपासून ठेवलेली एक मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, माझ्याही भरली नव्हती.

पहिली कशी येते याचं सर्वांत भलं उदाहरण ओक्लाहोमातल्या क्लेअरमोर गावचं. जे. एम. डेव्हिस सात वर्षांचा असताना औषध घ्यायला तयार नव्हता. घेतलंस तर बंदूक देतो, असं वडील म्हणाले, आणि दिली, ठासणीची. पुढे डेव्हिसने या गावात हॉटेल चालवलं आणि आयुष्यभर बंदुका जमवल्या. त्या हॉटेलात मावेनात. १९६५ मध्ये त्याने संग्रह एका न्यासाला दिला, राज्याने एक डॉलरमध्ये तो सांभाळायची जबाबदारी घेतली, आणि १९६९ मध्ये संग्रहालय उघडलं. आज तिथे बारा हजारांवर बंदुका आहेत. रोज एक काढून तेल देऊन पुसायची म्हटली, तर पहिल्या बंदुकीची पाळी पुन्हा यायला तेहतीस वर्षं लागतील.