शेवाळाच्या वेष्टनाची खरी जागा

२०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तेविसाव्या मैलावर धावपटूंच्या हाती बाटलीऐवजी पेयाने भरलेली इवलीशी पिशवी पडली. दाताने फोडायची, पेय प्यायचं आणि हवं तर आवरणही खाऊन टाकायचं. 'नॉटप्ला' या लंडनच्या कंपनीचं हे आवरण तपकिरी समुद्री शेवाळाचं होतं. शेवाळातून काढलेलं सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळतं. त्या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पडला, की कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, अल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं आणि थेंबावर पापुद्रा धरतो. साखळ्या निसर्गाच्याच असल्याने मातीतले जिवाणू त्या सहज पचवतात.

म्हणून प्लास्टिकला पर्याय सापडला, असं म्हणण्याची घाई मात्र नको. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक बनतं. समुद्री शेवाळ मिळतं साडेतीन कोटी टनांच्या आसपास, तेही ओल्या वजनाचं. वाळल्यावर त्याचा साधारण दहावा हिस्सा उरतो, आणि त्यातलंही पुष्कळसं खाण्यात जातं. शिवाय ओलाव्यापुढे हा पापुद्रा फार काळ टिकत नाही. टनाला टन अशी बरोबरी होणारच नाही. पण सगळं प्लास्टिक सारखंच छळत नाही. पाण्याची बाटली कचरावेचक उचलतात, कारण तिला भंगारात भाव आहे. जेवणासोबत येणारी सॉसची पुडी किंवा कागदी डब्याच्या आतला प्लास्टिकचा थर भंगारवाला विचारतही नाही. तिथे लागणारं वजन नगण्य आणि काम तासाभराचं. शेवाळाची जागा नेमकी तिथेच आहे.

मग मक्यापासूनचं पीएलए हे जैवप्लास्टिक काय वाईट? ते नीट कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली साठेक अंश उष्णता लागते. उकिरड्यावर ती कुठून मिळणार? शेवाळ महाग पडतं, हा आक्षेप खरा आहे. पण पुडी स्वस्त वाटते, कारण तुंबलेली गटारं उपसण्याचा खर्च तिच्या किमतीत धरलेला नसतो. तो नगरपालिकेच्या माथी येतो. शेवाळाच्या शेतीबद्दलची शंका अधिक गंभीर आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस या परक्या शेवाळाच्या लागवडीने अनेक मच्छीमार स्त्रियांना रोजगार दिला, पण तेच शेवाळ मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांवरही पसरलं. तेव्हा देशी जाती आणि जागेची निवड या अटी आधी घालाव्या लागतील. त्या पाळून, जे प्लास्टिक कोणीच गोळा करत नाही त्याच्यापुरतं शेवाळ वापरलं, तर आज मिळणारं पीकही बरंच पुरेल. बाटल्या आणि बरण्यांसाठी मात्र पुनर्वापराची साखळीच भक्कम करायला हवी.