भिशीच्या पैशातला कॉम्प्युटर

घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आम्हा लोणावळेकरांची एक मोठी सोय आहे. खरेदीला निघालं की एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणं. कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायचे तर मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड आहे. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलंत तर दुकानदारही क्षणभर गोंधळेल. पुण्याच्या लोकलमध्ये बसलात तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. शिवाय आता मोबाइलवरून मागवलेला माल दारात येतो. म्हणजे बाजार जवळ आहे, माल भरपूर आहे. अडचण एकच, नेमकं काय घ्यायचं हे ठरवण्याची. विशेषतः घरातला पहिलाच कॉम्प्युटर असेल, त्यावर मुलाला गेम खेळायचे असतील आणि पैसे मोजके असतील तेव्हा.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. हा गृहस्थ कॉम्प्युटरवर काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. कारण घरगुती आहे. माझी बहीण कामशेतला असते. मेहुणे टेम्पो चालवतात, मावळातली भाजी पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतात. दोन वर्षं भरलेली भिशी त्यांना लागली, साठ हजारांची. भाचा बारावी झालेला. त्यानं मागणी केली गेमिंग कॉम्प्युटरची. मेहुण्यांचं म्हणणं, "खेळायला साठ हजार? एवढ्यात टेम्पोचे चारी टायर नवे होऊन वर पैसे उरतील." भाचा माझ्याकडे यादी घेऊन आला, म्हणाला, "मामू, तुम्ही अब्बांना समजवा." समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं. म्हणून मी जाणकारांना विचारलं, दुकानं पालथी घातली, वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू. आपल्याकडे चिक्कीचे कारखाने आहेत, त्यांचंच उदाहरण घेऊ. कढईजवळ एक मुख्य कारागीर असतो. पाक कधी झाला, दाणे कधी घालायचे हे तो ठरवतो. हा झाला प्रोसेसर. पाक ओट्यावर ओतला की लाटणारे, कापणारे, कागदात गुंडाळणारे असे अनेक हात एकाच वेळी एकसारखं काम करतात. ते झालं ग्राफिक्स कार्ड. ओटा म्हणजे रॅम. हातातलं काम तेवढ्यापुरतं मांडायची जागा. आणि मागचं कोठार म्हणजे एसएसडी, जिथं माल कायमचा राहतो.

आता कारागीर निष्णात आणि कापणारे हात दोनच असतील तर पाक ओट्यावर घट्ट होऊन जाईल. उलट हात वीस आणि पाक उशिरा आला तर ते बसून राहतील. कॉम्प्युटरचंही तसंच. महागडं ग्राफिक्स कार्ड आणि दुबळा प्रोसेसर, किंवा त्याच्या उलट, अशी जोडी लावली की एकावरचे पैसे वाया जातात.

हात इतके का लागतात, त्याचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. चित्र हलतं दिसावं म्हणून ते सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढलं, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट. म्हणून यादीची सुरुवात कार्डापासून करू नये. आधी दोन प्रश्न विचारावेत, कोणता गेम खेळायचा आणि कोणत्या पडद्यावर? २०२० साली आलेला 'व्हॅलोरंट' साध्या यंत्रावरही चालतो. त्याच वर्षीचा 'सायबरपंक २०७७' मात्र कार्डाचा घाम काढतो. बजेट मोजकं असेल तर फुल एचडी पडदा पुरे, फोर-केच्या नादी लागू नये.

भाच्याच्या यादीत काय होतं? निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात. रंगीबेरंगी दिव्यांची, काचेची कॅबिनेट. आणि पैसे संपले म्हणून सगळ्यात स्वस्त पॉवर सप्लाय आणि सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड. यूपीएस यादीत नव्हताच. मला वाटतं, पहिल्यांदा यादी करणाऱ्या बहुतेक मुलांचं असंच होत असेल. दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च, न दिसणाऱ्यांवर काटकसर.

मी एक साधा नियम धरला. जे नंतर सहज बदलता येत नाही ते आज चांगलं घ्यायचं, आणि जे नंतर जोडता येतं ते आज कमी घेतलं तरी चालेल. रॅमची पट्टी पुढच्या वर्षी वाढवता येते. एसएसडी दुसरी लावता येते. ग्राफिक्स कार्ड तर दोन स्क्रू काढले की बदलतं. पण मदरबोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार उचकटायचा. आणि पॉवर सप्लाय हलका निघाला तर तो एकटा जळत नाही, कधी कधी शेजाऱ्यांनाही घेऊन जातो.

पॉवर सप्लायवर '८० प्लस' अशी खूण असते. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी लागते, बाकीची उष्णतेत जाते, असा तिचा अर्थ. ती खूण, नावाजलेली कंपनी आणि काही वर्षांची वॉरंटी या तीन गोष्टी पाहाव्यात. मध्यम कार्डासाठी ५५० वॉट बहुधा पुरतात. पण पुढं कार्ड लावायचं असेल तर त्यासाठीची वेगळी वायर त्याला आहे ना, हे आजच बघून घ्यावं.

मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेला सॉकेट म्हणतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७पासून कित्येक वर्षं नवे प्रोसेसर बसत राहिले. त्यानंतरचं एएम५ हे २०२२चं. इंटेलची सॉकेटं साधारण दोन-तीन पिढ्यांनी बदलत आली आहेत. ज्याला हळूहळू सुधारणा करायची आहे त्यानं दुकानदाराला एवढं विचारावं, "या बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसेल का?" रॅमचंही तसंच. डीडीआर ४ची पट्टी डीडीआर ५च्या खाचेत बसत नाही.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचायला शिका. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्याच्यात चित्र काढायची स्वतःची सोय नसते. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहील. एएमडीच्या नावामागे 'जी' असेल तर आतली ग्राफिक्सची सोय बरीच दमदार असते, हलके गेम कार्डाविना चालतात. अशा प्रोसेसरला एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या लावाव्यात. सोळा जीबीची एक घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन. दोन दारांनी माल आत येतो, वेग वाढतो.

पहिल्याच दिवशी कार्ड घ्यायचं असेल तर मी असा हिशेब धरतो. पडदा आणि यूपीएस बाजूला ठेवून उरलेल्या शंभर रुपयांत पस्तीस कार्डाला, तीस प्रोसेसर आणि मदरबोर्डाला, वीस रॅम आणि एसएसडीला, दहा पॉवर सप्लायला आणि पाच कॅबिनेटला. हे काही वेदवाक्य नव्हे, भावाप्रमाणे इकडचं तिकडं होईल. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी जगभरातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि झळ कामशेतच्या मुलाच्या यादीपर्यंत आली. एनव्हिडिया आणि एएमडीच्या बहुतेक चिप तयार होतात तैवानात. आपल्या तळेगावातही चिपचा कारखाना येणार अशी मोठी चर्चा होती. २०२२मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा तो प्रकल्प गुजरातकडे गेला आणि २०२३मध्ये फॉक्सकॉननंच त्यातून अंग काढून घेतलं. तेव्हा भाव आपल्या हातात नाहीत, निवड तेवढी आहे.

स्वस्ताईचे दोन मोह सांगायला हवेत. पहिला, ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. त्याचा पॉवर सप्लाय छोटा असतो, बहुतेकदा त्याच कंपनीच्या मापाचा. कार्ड बसायला जागाही नसते. शिवाय विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ला कंपनीची मान्यता नाही. दुसरा मोह आखातातल्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याचा. आमच्याकडे तर प्रत्येक घरात एक तरी माणूस तिकडं असतो! पण वॉरंटी अनेकदा त्या देशापुरतीच असते. आधी विचारावं, मग मागवावं. इथं घेतानाही जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्यावा. बिल नसेल तर वॉरंटी मागायची कुणाच्या जोरावर?

आता आपल्या मावळाचा प्रश्न. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धुकं खिडकीतून सरळ घरात येतं, भिंतींना पोपडे धरतात. रोज चालणारं यंत्र स्वतःच्या उष्णतेनं कोरडं राहतं. महिनाभर बंद पडलेल्याला ओल धरते. म्हणून पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ तरी चालू करावं. ओल्या भिंतीपासून हातभर दूर, टेबलावर ठेवावं, जमिनीवर नको. कॅबिनेट पुढून जाळीची घ्यावी, हवा खेळती राहते. भर पावसात लोकलनं भाग आणलेत तर खोकी लगेच उघडून वीज लावू नका, काही तास घरातच पडू द्या.

आणि वीज. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. आपल्या लोणावळा आणि वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरलं आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या. तरी पावसाची पहिली सर आली की आपल्या आळीतले दिवे जातात! यूपीएस हवाच, पण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. कार्ड लावलेलं यंत्र आणि पडदा मिळून त्याच्यावर जाऊ शकतात. त्यामुळे हजार व्हीएच्या पुढचा पाहावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचं लक्षण असू शकतं. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढावा आणि इंटरनेटची वायरही.

आमच्या यादीचं शेवटी काय झालं तेही सांगतो. पहिल्या हप्त्यात कार्ड घेतलंच नाही. एएम५चा साधा बोर्ड, 'जी'वाला प्रोसेसर, आठ-आठच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, जाळीची कॅबिनेट, फुल एचडी पडदा आणि यूपीएस. साठ हजारांत बसलं. कार्डाची जागा मोकळी ठेवली आहे. त्याचे पैसे भाच्यानं स्वतः कमवून जोडायचे, असं बापलेकांत ठरलं. कार्ड आल्यावर पडद्याची वायर बोर्डाला नव्हे तर कार्डाला लावायची, एवढं मी त्याला बजावून ठेवलं आहे. नवं कार्ड घेऊनही वायर जुन्याच जागी ठेवणारे काही कमी नाहीत.

मेहुण्यांचा मूळ प्रश्न मात्र उरतो. खेळायला एवढे पैसे का? एक उत्तर हिशेबाचं आहे. गेम चालवणारं यंत्र मुळात ताकदवान असतं. त्यावर टेम्पोच्या फेऱ्यांचा जमाखर्च मांडता येतो, 'ब्लेंडर'सारख्या मोफत सॉफ्टवेअरवर त्रिमिती चित्रं शिकता येतात. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम जगापुढं आणला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती गोष्ट. आपल्या मातीतल्या कथा आणि वास्तू घेऊन गेम बनवणारी माणसं कामशेतपासून लोकलच्या अंतरावर आहेत, हे मुलाला कळलेलं चांगलं.

दुसरं उत्तर हिशेबाबाहेरचं आहे. खेळाला प्रत्येक वेळी उपयोगाचा दाखला जोडायला हवा असं नाही. तसं असतं तर कविता लिहिणाऱ्यांनी केव्हाच दुकान बंद केलं असतं. मुलाला वेळेची मर्यादा जरूर घालावी, पण त्याच्या आवडीला लाजवू नये. त्याला यादी करायला बसवावं, भाव काढायला लावावेत, कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. मोजक्या पैशात नीट निवड करायला तो त्या आठवडाभरात जे शिकेल, ते यंत्र जुनं झाल्यावरही त्याच्याकडे राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)