खेकडा उन्हाळा कसा काढतो?

जाम नदीकडे जाणारे नाले उन्हाळ्यात आटतात, तरी पावसाबरोबर खेकडा पुन्हा दिसतो. तो जगतो कसा?

काठाच्या मातीत तो ओल लागेपर्यंत बीळ खणतो. कवचाखाली त्याचे कल्ले ओले राहतात; म्हणून पाण्याबाहेरही श्वास चालतो. तुटलेली नांगी कात टाकताना पुन्हा फुटते. मादी अंडी व पिले पोटाखालच्या झडपेत सांभाळते.

परंतु विषारी औषधापुढे कवचाचे काही चालत नाही; ते पाण्याबरोबर कल्ल्यांत शिरते. म्हणून कपाशी-संत्र्यावरील फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. तेच पाणी आपली गुरे पितात.

आणि खेकडा नीट शिजवूनच खावा. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाचा कृमिरोग होऊ शकतो.