कूस न उजवताही पान्हा फुटतो

बाळंतपणात आई दगावते आणि तान्हे मूल चुलतीच्या किंवा मावशीच्या ओटीत येते. कुणी जोडपे कायद्याने मूल दत्तक घेते. अशा वेळी त्या बाईला वाटते, याला अंगावर पाजता आले तर! शेजारणी म्हणतात, 'जिला दिवसच गेले नाहीत, तिला दूध कुठून येणार?' त्यातून तिला थायरॉईडचा आजार असला, तर ती आशाच सोडते. पण भगिनींनो, हे अशक्य नाही.

वासराने ढुशी दिली की गाय पान्हा सोडते, हे आपण रोज पाहतो. बाईचेही तसेच आहे. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून दोन रस सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, ऑक्सिटोसिन ते खाली उतरवते. गरोदरपणात स्तनांची तयारी आधीच झालेली असते. इथे ती नसते, म्हणून वेळ लागतो.

थायरॉईड मंद असेल तर दूध कमी येते. म्हणून आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. बाळाला पाजायचे म्हणून थायरॉईडची गोळी बंद करू नये. दुधातून ती फारच थोडी जाते आणि बाळाला बाधत नाही. पाळी अनियमित करणारा पीसीओएस असेल, तर काहींना दूध कमी येते. तेही डॉक्टरांना सांगावे. पाजण्याआधी एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी.

आता मुख्य काम. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला दोन्ही बाजूंना घ्यावे. रात्रीचे चुकवू नये. बाळ घरी यायचे असेल, तर आधीपासून तितक्याच वेळा हाताने किंवा पंपाने स्तन पिळावेत. पहिले थेंब दिसायला काहींना आठवडा लागतो, काहींना महिना.

तोवर बाळाला उपाशी ठेवायचे नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दूध स्वच्छ वाटीत घ्यावे. बारीक नळीचे एक टोक वाटीत आणि दुसरे स्तनाग्राशी ठेवावे. बाळ चोखते, त्याचे पोट भरते आणि पान्ह्यालाही चालना मिळते. ही रीत दवाखान्यातील परिचारिकेकडून शिकून घ्यावी. नळी व वाटी दर वेळी धुऊन उकळावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढ्या आता इतर शहरांतही आहेत.

बाळाने दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी केली पाहिजे आणि महिन्याला निदान अर्धा किलो वजन वाढले पाहिजे. अंगणवाडीच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावे. ते वाढत असेल तरच वरचे दूध थोडे थोडे कमी करावे.

म्हशीला पान्हा सोडण्यासाठी टोचतात ते इंजेक्शन बाईने कधीही घेऊ नये. दूध वाढवण्याच्या गोळ्याही परस्पर दुकानातून आणू नयेत; काहींनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अळीव, मेथी, डिंकाचे लाडू अंगी लागतात, पण नुसत्या लाडवांनी पान्हा फुटत नाही.

पुष्कळजणींना बाळाला पुरेल एवढे दूध येत नाही. म्हणून कष्ट वाया गेले असे मानू नये. वाटीभर आले तरी बाळाच्या उपयोगाचेच आहे. मात्र सासू-नणंदांनी तिच्या हातचे काम काही दिवस वाटून घेतले पाहिजे. आठ-दहा वेळा बाळाला घेऊन बसणारी बाई खुरपणीला कशी जाणार?