वन्यप्राण्यांच्या वाटा

अभयारण्य म्हटले की चहूबाजूंनी आखलेला जंगलाचा तुकडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्राणी मात्र ही आखणी मानीत नाहीत. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात १९९१ साली शास्त्रज्ञांनी एका लांडग्याच्या मादीच्या गळ्यात उपग्रहाला संदेश पाठविणारा पट्टा बांधला. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून तिचे नाव ठेवले 'प्लुई'. फ्रेंच भाषेत प्लुई म्हणजे पाऊस. पुढील दोन वर्षांत ती कॅनडा व अमेरिका मिळून सुमारे एक लाख चौरस किलोमीटर मुलखात फिरली. आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ एक तृतीयांश भाग म्हणा ना! सीमेवर तिला पासपोर्ट कोणी विचारला नाही. बंदुकीने मात्र गाठले. १९९३ मध्ये तिच्या पट्ट्याची बॅटरी सापडली, तिला गोळीचे भोक होते. त्यातून ती वाचली, पण डिसेंबर १९९५ मध्ये एका शिकाऱ्याने तिला मारले. ती शिकार कायदेशीर होती, हे विशेष.

अमेरिकेतील यलोस्टोनपासून कॅनडातील युकॉनपर्यंतचा सुमारे ३,२०० कि.मी. लांबीचा डोंगराळ पट्टा जोडलेला राहावा, ही कल्पना १९९३ मध्ये पुढे आली. ती व्यवहार्य आहे काय, हे पाहण्यासाठी कार्स्टन हॉयर हे तरुण जीवशास्त्रज्ञ १९९८-९९ मध्ये हे अंतर पायी, स्कीवरून व होडीतून कापून गेले. बहुतेक वाटेवर त्यांना ग्रिझली अस्वलांच्या खुणा आढळल्या. वाटेतील गावांत थांबून ते लोकांशी बोलत. मला हेच अधिक मोलाचे वाटते. कारण दोन उद्यानांमधील जमीन नुसत्या सरकारी हुकमाने राखता येत नाही, तेथे माणसे राहतात.

बॅन्फ उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल व भुयारी मार्ग बांधले. हरणे लवकर सरावली, ग्रिझलींना मात्र कित्येक वर्षे लागली. वाहनांच्या धडकेत सापडणाऱ्या प्राण्यांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली.

आपल्याकडेही नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांना वाट दिली आहे. तेथून वाघ जातात, याची छायाचित्रे आहेत. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला, त्याच्या वाटेवर अशी सोय कोठून असणार? शेते, नाले, रस्ते ओलांडीत तो महिनोन् महिने हिंडला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे वाघीण नव्हती.