‘कशावर वाढतं?’ : चक्रवाढीचं एक शाब्दिक उदाहरण

शाब्दिक उदाहरण समोर आलं की आपण आधी आकडे शोधतो. आज आपण आधी एक प्रश्न विचारू या : वाढ होते ती कशावर?

उदाहरण असं आहे. दरमहा शेकडा ३ दराने १०,००० रुपये कर्ज घेतले. व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले जाते. मध्ये काहीच फेड झाली नाही, तर रक्कम दुप्पट कधी होईल?

आपलं मन चटकन म्हणतं, महिन्याला ३०० रुपये, म्हणजे ३४ महिने लागतील. सरळव्याजाला हे बरोबर आहे. पण ‘मुद्दलात मिळवले जाते’ हे शब्द पाहा. पहिल्या महिन्याअखेर १०,३०० झाले. दुसऱ्या महिन्याचं व्याज या १०,३०० वर, म्हणजे ३०९. रक्कम झाली १०,६०९. दर महिन्याची भर बदलते. बदलत नाही तो गुणक, १.०३. जिथे भर कायम तिथे बेरीज, जिथे पट कायम तिथे घातांक. सगळं उदाहरण या एका भेदावर उभं आहे.

म्हणून ‘न’ महिन्यांनंतरची रक्कम काढायला १०,००० ला १.०३ च्या ‘न’ व्या घाताने गुणायचं. दुप्पट हवी, म्हणजे तो घात २ हवा. अज्ञात संख्या घातांकात बसली की लॉगॅरिदम घ्यायचं : ०.३०१० भागिले ०.०१२८, सुमारे साडेतेवीस. पडताळा घेऊ. २३ महिन्यांनी सुमारे १९,७३६, तर २४ महिन्यांनी २०,३२८. उत्तर २४ महिने.

आता पाच वर्षं जाऊ द्या. सरळव्याजाने देणं २८,००० होतं. चक्रवाढीने जवळजवळ ५८,९००. कागदावरचा दर दोन्हीकडे तोच, ३ टक्के. सही करणारा मनात बेरीज करतो आणि वही गुणाकार करते. माणसं बुडतात ती या फरकात.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. ‘दामदुपट’ हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात हा नियम चोविसाव्या महिन्यालाच आडवा येतो.

तेव्हा कर्जाचा कागद असो वा परीक्षेचा, ‘किती टक्के’ वाचून थांबू नये. ‘कशाचे टक्के’ आणि ‘किती दिवसांनी मिळवणार’ हे विचारावं, आणि मगच पेन उचलावं.