डबीत अळंबी किती, तांदूळ किती?

मेडिकलच्या दुकानात प्रोटीन पावडरीच्या शेजारी हल्ली अळंबीच्या डब्या दिसतात. रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स. ‘प्रतिकारशक्ती’, ‘स्मरणशक्ती’ हे शब्द लगेच डोळ्यांत भरतात. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही भारतात लेबलवर सक्तीची असलेली ओळ फारसं कुणी वाचत नाही.

रेशी ही काही पावसाळ्यात भाजी करून खायची अळंबी नव्हे. ती लाकडासारखी टणक आणि कडूजहर असते. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, त्यामुळे नुसती पूड नीट पचत नाही. म्हणून अर्क काढतात. गरम पाण्यात उकळलं की बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा उतरते; कडूपणा आणणारी ट्रायटरपीन द्रव्यं मात्र पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. लेबलवरच्या ‘१०:१’चा अर्थ एवढाच, की दहा किलो अळंबीपासून एक किलो अर्क निघाला. त्यात बीटा-ग्लुकान किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अर्कांना एवढा मान मिळाला त्यात जपानचा वाटा मोठा. ओंडक्यांवर रंगीत पट्ट्यांच्या पंख्यासारखी उगवणारी टर्की टेल ही अळंबी. तिच्यापासून काढलेलं ‘क्रेस्टिन’ तिथे १९७७ साली औषध म्हणून मंजूर झालं. १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये जठराच्या कर्करोगाच्या २६२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. केमोथेरपीबरोबर क्रेस्टिन घेतलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, नुसत्या केमोथेरपीवर ६० टक्के. हे सगळे शस्त्रक्रिया होऊन गाठ काढलेले रुग्ण होते आणि औषध ठरावीक दर्जाचं होतं. जाहिरातीपर्यंत पोचताना हे तपशील गळतात आणि ‘कर्करोगावर गुणकारी’ तेवढं उरतं.

लायन्स मेननं स्मरणशक्ती सुधारते, याचा पुरावा त्याहून किरकोळ. २००९ साली जपानमध्येच पन्नाशी ते ऐंशीतल्या, विसरभोळेपणा सुरू झालेल्या तीस जणांवर चाचणी झाली. सोळा आठवडे लायन्स मेनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे आकलनाच्या कसोटीतले गुण वाढले. गोळ्या थांबल्या आणि चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले.

खरी गोम डबीच्या आत आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांचा तपास २०१७ साली प्रसिद्ध झाला. लेबलशी जुळले फक्त पाच. काही उत्पादक अळंबीऐवजी तिच्या बुरशीचे तंतू तांदळावर किंवा ओटवर वाढवतात. ते धान्यापासून सुटे होत नाहीत, मग सगळंच वाळवून दळतात. अळंबीत स्टार्च नसतो, धान्यात भरपूर असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला आयोडीनचा थेंब इथेही उपयोगी पडतो: भुकटी काळी-निळी झाली, तर त्यात धान्य किंवा स्टार्चची भर आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अशी डबी आधी डॉक्टरांना दाखवावी. ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून बरेच जण तिच्याविषयी सांगायचंच विसरतात.